मोहरीचे चांदीपात्र आणि कारागिराची खूण

आमच्या शिराळ्याकडच्या पंगतीत मिठाला स्वतंत्र भांडे नसते. पानाच्या वरच्या टोकाला मधोमध चिमूटभर मीठ वाढले की काम झाले. डावीकडे लिंबू नि चटणी. अठराव्या शतकातल्या इंग्रज धनिकाच्या मेजावर मात्र वाटलेल्या मोहरीसाठी झाकण, मूठ आणि चमचा असलेले चांदीचे पात्र असे. मोहरीतले मीठ नि सिरका चांदीला खातात, म्हणून आत निळ्या काचेची वाटी. भोवतीच्या पत्र्यावर करवतीने जाळी कोरलेली, कडेला बारीक मण्यांची ओळ. जाळीतून निळा रंग डोकावतो आणि बचावासाठी आणलेली काच शोभा होऊन बसते.

आम्हांला मात्र या नक्षीपेक्षा पात्रावरचे ठसे अधिक बोलके वाटतात. चालता सिंह चांदीचा कस सांगतो. वर्षदर्शक अक्षराची प्रथा लंडनमध्ये १४७८पासूनची. सोनारांच्या ज्या 'हॉल'मध्ये हे ठसे उमटत, त्यावरूनच 'हॉलमार्क' हा शब्द आला. शेजारी कारखानदाराची आद्याक्षरे. हेस्टर बेटमन ही विधवा बाई १७६१ साली स्वतःची खूण नोंदवायला गेली, तेव्हा तिला लिहिता येत नव्हते. तरीही तिची आद्याक्षरे आज वस्तुसंग्रहालयांत वाचली जातात. अर्थात प्रत्यक्ष करवत चालवणारा हात तिचाच होता असे नव्हे. तिच्या पदरी माणसे होती आणि त्यांची नावे ठशात नाहीत. इंग्रजी व्यवस्थेचे कौतुक करताना हे विसरू नये.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या सोनारांनीही इंग्रज गिऱ्हाइकांसाठी चांदीची पात्रे घडवली. मेज साहेबाचे, अंगावर उठावाच्या देवदेवता आपल्या. अशा पुष्कळ वस्तूंवर घडवणाऱ्याची कसलीच खूण नाही. लिलावाच्या याद्यांत त्या केवळ 'पुणे' या गावाच्या नावाने ओळखल्या जातात. 'हे कोणाचे?' हा प्रश्न जुन्या पोथीबाबत आपण हटकून विचारतो. भांड्याबाबत तो आपल्याला सुचतही नाही.

शिराळ्याहून दक्षिणेला, कोल्हापूरपलीकडे, हुपरी हे चांदीकामाचे गाव आहे. तिथले पैंजण एका हातचे नसते. तार ओढणारे घर वेगळे, कड्या जोडणारे वेगळे, डाख देणारे, घुंगरू लावणारे, उजाळा देणारे वेगळे. भारतात २००५पासून चांदीलाही हॉलमार्क मिळतो. तो कस सांगतो. या घरांपैकी एकाचेही नाव त्यात मावत नाही.