पुरुषत्वाचे माप

लिंगाच्या मापाची चिंता आजची नव्हे. वात्स्यायनाने ‘कामसूत्रा’त मापावरून पुरुषांचे शश, वृष व अश्व असे तीन वर्ग केले, पण श्रेष्ठ मानला तो जोडप्याचा मेळ, मोठेपणा नव्हे. वाढीचे उपायही त्याने शेवटच्या अधिकरणात दिले, आणि बाजाराने नेमके तेवढेच उचलले.

र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना शास्त्रीय उत्तरे दिली. त्यापायी १९३४ साली खटला झाला. डॉ. आंबेडकरांनी वकीलपत्र घेतले, तरी दंड झालाच. कामशक्तीच्या औषधांच्या जाहिरातींवर बंदी आली ती १९५४च्या कायद्याने.

हिंगणघाटच्या गिरणीकामगारांत आम्ही वावरलो. पगारातला रुपया कापला तर भांडणारा गडी भोंदूच्या तेलापायी लुबाडला गेला की लाजेने गप्प बसतो. तेलालेपाने माप वाढत नाही. वाढतो तो भोंदूचा गल्ला, आणि तोही आपल्या मौनावर.