कार्बनच्या सायकलीला लागलेला मार ओळखण्याचा इतिहास

पोलादी सायकल आपटली की मार दिसतो. नळीला पोचा पडतो, फोर्क मागे वाकतो, सांध्याजवळचा रंग सुरकुततो. अनुभवी कारागिराची नजर आणि फ्रेमच्या दोन्ही अंगांनी ताणलेला दोरा एवढ्यावर निदान होत असे. कार्बन आला आणि हे शहाणपण अपुरे पडले, कारण तो वाकत नाही. सोसतो किंवा तुटतो.

उच्च क्षमतेचा कार्बन धागा १९५८ मध्ये अमेरिकेत रॉजर बेकन यांनी बनवला. पुढच्या दशकात इंग्लंडमधील फार्नबरो येथे तो उत्पादनायोग्य झाला. धाग्याच्या दिशेने ओढ सोसण्यात तो अजोड, पण आडव्या आघातापुढे हळवा. रोल्स-रॉइसने विमानाच्या आरबी-२११ इंजिनासाठी केलेली कार्बनची पाती १९७० मध्ये पक्षी आदळण्याच्या चाचणीत टिकली नाहीत, तेव्हा हा हळवेपणा चांगलाच महागात पडला.

सत्तरच्या दशकातल्या सायकलींत कार्बनच्या नळ्या धातूच्या सांध्यांत चिकटवलेल्या असत. ओलावा आणि घामातले मीठ मिळाले की कार्बनलगतचे ॲल्युमिनियम गंजते आणि जोड सुटतो. त्यामुळे त्या काळची तपासणी म्हणजे मुख्यतः सांधा हलतो का, कुरकुरतो का, हे पाहणे. १९८६ मध्ये ग्रेग लेमाँड यांनी कार्बनच्या फ्रेमवर टूर द फ्रान्स जिंकली. त्याच सुमारास धातूच्या सांध्यांवाचून घडवलेल्या फ्रेमही बाजारात आल्या आणि दोष सांध्यातून नळीच्या भिंतीत शिरला. तिथे रेझिनने जखडलेले पातळ थर असतात. दगड लागला की आतले थर सुटतात, वरचे लुकण मात्र चकचकीत राहते.

विमान उद्योगाने यावर सावध तोडगा काढला. नजरेला जेमतेम दिसणारा मार लागलेलाच आहे असे धरून भागाची जाडी ठरवायची. सायकलीला ही चैन परवडली नाही. वजनाच्या चढाओढीत नळ्यांचा मधला भाग पातळ होत गेला. २००० मध्ये शर्यतीच्या सायकलीसाठी ६.८ किलोची किमान मर्यादा आली, तरी ओढ हलकेपणाचीच राहिली. प्रमाणित चाचण्या घेतल्या जातात त्या नव्या भागांच्या. वापरलेल्या, ओरखडलेल्या भागाचा निवाडा मालकावरच येतो.

त्यासाठी विमानतळावरचीच युक्ती सायकलीच्या दुकानात आली: नाण्याने ठोकणे. मडके वाजवून घेतात तसेच हे. शाबूत जागा खणखणीत वाजते, थर सुटलेली बद्द. मात्र सांध्याजवळ जाडी बदलते आणि निरोगी कार्बनही वेगळा वाजतो; म्हणून दुसऱ्या बाजूची तीच जागा ठोकून ताडून पाहावी लागते. शंका उरली तर श्राव्यातीत ध्वनीची तपासणी. दुरुस्तीचा स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला तसतशी हीही सोय वाढली.

या अनुभवातून ठरलेला निकष साहित्यापेक्षा भागावर भर देतो. २००६ च्या पॅरिस-रूबे शर्यतीत जॉर्ज हिन्कॅपी यांच्या फोर्कचा दांडा तुटून हँडलबार हातात आला. तो दांडा ॲल्युमिनियमचा होता. हा भाग कशाचाही असो, तुटला की सावरायला वेळच मिळत नाही. लुकणापुरता ओरखडा कुठेही चालतो. नख अडकेल अशी चीर, तुटलेले धागे, अंगठ्याखाली दबणारी जागा किंवा बद्द आवाज असेल तर सायकल चालवू नये. फ्रेम जाणकाराकडून दुरुस्त होऊ शकते. हँडलबार, सीटपोस्ट आणि फोर्कचा दांडा बदलावेत.