अर्ध्या मिनिटाचें पंचांग

आपण कोठें आहों, या प्रश्नाचें उत्तर मिळण्यास किती वेळ लागावा? आज खिशांतला फोन काढून नकाशा उघडला कीं दोन-चार सेकंदांत त्यावर एक निळा ठिपका उमटतो आणि आपली गल्लीसुद्धां दाखवितो. या चपळाईचें श्रेय सामान्यतः उपग्रहांना देण्यांत येतें. जी. पी. एस. ची यंत्रविद्या सुधारली, उपग्रहांचें बोलणें जलद झालें, अशी बहुतेकांची समजूत आहे. वस्तुस्थिति तशी नाहीं. ज्या मूळ संदेशावर हे फोन मुख्यतः विसंबून असतात, तो संदेश १९७८ सालीं ज्या गतीनें येत होता त्याच गतीनें आजहि येतो. बदललें आहे तें निराळेंच. प्रश्न विचारण्यापूर्वींच उत्तराचा मोठा भाग आपल्या हातीं आणून ठेवणारी एक व्यवस्था निर्माण झाली आहे. ही कल्पना कृत्रिम उपग्रहांहून सुमारें दोनशें वर्षांनीं जुनी आहे. आणि तिचा इतिहास पाहिला म्हणजे या दोन-चार सेकंदांची किंमतहि ध्यानांत येते.

अठराव्या शतकाच्या आरंभीं खलाशाला आपला अक्षांश सहज काढतां येई. सूर्याची किंवा ध्रुवताऱ्याची उंची मोजली कीं काम भागे. रेखांशाची गोष्ट वेगळी. पृथ्वी एका तासांत पंधरा अंश फिरते. तेव्हां आपल्या ठिकाणची वेळ आणि मूळ बंदराची वेळ यांतील फरक ठाऊक असल्यावांचून रेखांश निघत नाहीं, आणि भर समुद्रांत मूळ बंदराची वेळ सांगणार कोण? इ. स. १७०७ च्या ऑक्टोबरांत सर क्लाउडेस्ली शॉव्हेल या इंग्रज सेनापतीचें आरमार आपली जागा चुकून सिली बेटांच्या खडकांवर गेलें. चार जहाजें फुटलीं व हजाराहून अधिक माणसें बुडालीं. पुढें सातच वर्षांनीं, १७१४ सालीं, समुद्रावर रेखांश काढण्याची खात्रीची रीति शोधणारास २०,००० पौंडांपर्यंत बक्षीस देण्याचा कायदा ब्रिटिश पार्लमेंटानें केला.

या प्रश्नाचीं दोन उत्तरें निघालीं. जॉन हॅरिसन या कारागिरानें मूळ बंदराची वेळ समुद्रावरहि न चुकवितां सांगणारें घड्याळ बनविलें. १७६१ सालीं निघालेल्या जमेकाच्या सफरींत तें कसोटीस उतरलें. परंतु असलें घड्याळ फार महाग पडे. दुसरें उत्तर चंद्राचें. ताऱ्यांमधून सरकणारा चंद्र हाच आकाशांतील कांटा मानून त्याचें ताऱ्यांपासूनचें अंतर मोजावयाचें व त्यावरून वेळ काढावयाची. ही रीति स्वस्त होती, पण तिचें गणित जहाजावर करावयास सुमारें चार तास लागत. ग्रीनिचचा राजज्योतिषी नेव्हिल मॅस्केलिन यानें १७६७ या वर्षासाठीं पहिलें ‘नॉटिकल अल्मनॅक’, म्हणजे नाविकांचें पंचांग, प्रसिद्ध केलें. दर तीन तासांच्या अंतरानें चंद्र कोठें असेल याचीं कोष्टकें त्यांत आधींच मांडून ठेवलेलीं होतीं. चार तासांचें काम अर्ध्या तासावर आलें.

येथें काय झालें तें नीट पाहिलें पाहिजे. चंद्राची गति वाढली नाहीं, खलाशाची नजर तीक्ष्ण झाली नाहीं. इंग्लंडांतील गांवोगांवच्या पगारी गणकांनीं घरीं बसून महिन्यांचे महिने जें गणित केलें, तें पुस्तकाच्या रूपानें जहाजावर गेलें. आपल्याकडील वाचकास यांत नवल वाटूं नये; मुहूर्त पाहतांना कोणी स्वतः ग्रहगणित करीत बसत नाहीं, पंचांग उघडतो. हा संबंध केवळ उपमेपुरता नाहीं. केरो लक्ष्मण छत्रे यांनीं १८६५ च्या सुमारास महाराष्ट्रांत जें नवें पंचांग सुरू केलें, तें याच नाविक पंचांगाच्या आधारें तयार होत असे.

४ ऑक्टोबर १९५७ रोजीं रशियानें पहिला कृत्रिम उपग्रह सोडला, तेव्हां या विद्येंत नवा अध्याय सुरू झाला. अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंत गायर व वायफेनबाख या दोघां शास्त्रज्ञांनीं उपग्रहाचा सूर जवळ येतांना चढतो व दूर जातांना उतरतो एवढ्यावरून त्याची कक्षा काढून दाखविली. त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्क्लुअर यांनीं हा प्रश्न उलटा केला. जमिनीवरील स्थानावरून उपग्रहाची कक्षा निघते, तर माहीत असलेल्या कक्षेवरून जमिनीवरील स्थानहि निघालें पाहिजे. यांतून ‘ट्रान्झिट’ ही योजना निघाली व १९६४ पासून अमेरिकन नौदल ती वापरूं लागलें. यांतील नवी गोष्ट ही कीं, प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेचें पंचांग स्वतःच वाहून नेई व ऐकवीत जाई. पण उपग्रह थोडे असल्यानें एखादा डोक्यावर येण्याची वाट कधीं तासाहून अधिक पाहावी लागे, आणि आल्यावर दहा-पंधरा मिनिटें त्याचें ऐकत बसावें लागे. सावकाश चालणाऱ्या जहाजास हें चाले; विमानास चालण्यासारखें नव्हतें.

ही उणीव भरून काढण्यासाठीं १९७३ सालीं जी. पी. एस. ची आखणी झाली व १९७८ च्या फेब्रुवारींत तिचा पहिला उपग्रह वर गेला. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवर किमान २४ उपग्रह फिरत ठेवावयाचे, म्हणजे कोठूनहि निदान चार दिसतील, अशी ही योजना होती. १ सप्टेंबर १९८३ रोजीं वाट चुकून सोव्हिएट हद्दींत शिरलेलें कोरियाचें प्रवासी विमान पाडण्यांत आलें व २६९ माणसें मेलीं; त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनीं ही लष्करी सोय नागरी वापरासहि विनामूल्य देण्याचें जाहीर केलें. १९९५ सालीं संपूर्ण योजना सिद्ध झाल्याची घोषणा झाली.

आतां वेळेचा हिशोब पाहूं. प्रत्येक उपग्रह सेकंदास अवघे ५० बिट, म्हणजे शून्य वा एक असे पन्नास अंक, या गतीनें बोलतो. दहा लाख बाइटांचें एक चित्र या गतीनें पाठवावयाचें झालें तर ४४ तास लागतील. उपग्रह आपल्या कक्षेचें सूक्ष्म कोष्टक दर ३० सेकंदांस पुन्हां सांगतो. सर्व उपग्रहांचें ढोबळ पंचांगहि तो थोडें थोडें करून सांगत असतो. तें पुरें होण्यास साडेबारा मिनिटें लागतात. मधेंच एखादी भिंत आड आली व कोष्टकाचा कांहीं भाग हुकला, तर पुढच्या आवर्तनाची वाट पाहणें आलें. शिवाय ऐकूं येण्यापूर्वीं उपग्रह शोधावा लागतो. प्रत्येकाची सांकेतिक खूण १,०२३ अंशांची; ती नेमकी कोठून सुरू झाली आणि उपग्रहाच्या गतीमुळें तिचा सूर किती चढला वा उतरला, याचे हजारों तर्क एकेक करून पडताळावे लागतात. इतका संथपणा कां ठेवला? घरांतील साध्या दिव्याएवढ्या शक्तीचा संदेश वीस हजार किलोमीटर ओलांडून येतो तेव्हां तो अतिशय क्षीण झालेला असतो, आणि क्षीण आवाज सावकाश बोलला तरच कळतो. त्यांतून हीं यंत्रें जहाजांवर व विमानांवर बसविण्याचीं. तीं एकदां सुरू केलीं कीं तासन्‌तास चालूच राहावयाचीं. आरंभींच्या अर्ध्या मिनिटाची तेथें कोणासहि क्षिति नव्हती.

ती वाटूं लागली फोनामुळें. घरचा तारेचा फोन कोणत्या पत्त्यावर आहे हें मदत पाठविणारांस कळे. खिशांतल्या फोनाला पत्ताच नाहीं. म्हणून १९९६ सालीं अमेरिकेच्या दळणवळण आयोगानें असा नियम केला कीं, संकटकाळीं ९११ या क्रमांकावर फोन करणारा कोठें आहे हें कंपन्यांनीं टप्प्याटप्प्यानें सांगूं लागावें. अपघातांत सांपडलेल्या, कदाचित् बोलूंहि न शकणाऱ्या माणसास पंचांग पुरें होईपर्यंत थांबा असें म्हणतां येत नाहीं. फोनाची विद्युत्‌घटमालाहि तितका वेळ आकाशाकडे कान लावून बसण्यास पुरत नाहीं, आणि घराच्या छपराखालीं तर त्या कानास ऐकूंच कमी येतें.

उपाय मॅस्केलिनचाच निघाला. टेलर व सेनॉट या दोघां अमेरिकनांना १९८४ सालीं ज्या कल्पनेचें पेटंट मिळालें होतें, तिचा आशय असा: मोकळ्या आकाशाखालीं एक स्थिर केंद्र ठेवावें, त्यानें उपग्रहांचें सर्व बोलणें सतत ऐकावें व त्याचा सारांश दुसऱ्या वाटेनें चटकन् पोंचवावा. १९९५ सालीं निघालेल्या स्नॅपट्रॅक या कंपनींत नॉर्मन क्रॅस्नर यांनीं हीच दिशा फोनासाठीं विकसित केली. १९९९ सालीं फिनलंडच्या बेनेफॉन कंपनीनें जी. पी. एस. बसविलेला फोन बाजारांत आणला, आणि पुढील दहा वर्षांत ही मदत घेणारे फोन सर्रास झाले. मनोऱ्याकडून फोनास तीन गोष्टी कळतात: आतां किती वाजले, तूं साधारण कोणत्या भागांत आहेस, आणि या घटकेस कोणते उपग्रह कोठें आहेत. त्यामुळें हजारों तर्कांचे थोडे उरतात, अर्ध्या मिनिटाचें ऐकणें वांचतें; आणि मजकूर वाचण्याची गरज नसून केवळ खूण ओळखावयाची असल्यामुळें अधिक क्षीण संदेशहि उपयोगीं पडतो. जवळपासच्या वाय-फाय यंत्रांची यादी हाताशीं असली तर उपग्रह सांपडण्यापूर्वींच ठिपका उमटतो.

परंतु मॅस्केलिनचें पंचांग आणि हें पंचांग यांत एक मोठा भेद आहे. पुस्तक विकत घेणारा खलाशी पुढें कोठें गेला हें ग्रीनिचला कळत नसे. येथें मात्र मदत मागतांनाच आपण कोठें आहों याचा सुगावा देऊन मागावी लागते. एप्रिल २०११ मध्यें दोन संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, आयफोनांत आसपासच्या मनोऱ्यांची व वाय-फाय यंत्रांची, तारीखवेळेसह, सुमारें वर्षभराची नोंद सांठलेली असते. त्यावर ॲपल कंपनीनें खुलासा केला कीं, ही पाळत नव्हे. नुसत्या उपग्रहांवरून स्थान काढावयास कित्येक मिनिटें लागूं शकतात, तीं कांहीं सेकंदांवर आणण्यासाठीं ही यादी ठेवावी लागते. मात्र इतक्या दिवसांची नोंद राहणें हा दोष असून यापुढें सात दिवसांचीच ठेवूं. खुलाशांतील कारण शास्त्रदृष्ट्या खरेंच होतें. म्हणूनच तो प्रसंग विचार करण्याजोगा आहे. त्वरा आणि नोंद या दोन गोष्टी एकाच सोयीच्या दोन बाजू आहेत हें त्यानें जगास उघड दिसलें.

या दोन बाजू अगदींच अविभाज्य आहेत असें मात्र नाहीं. उपग्रहांच्या पुढील कित्येक दिवसांच्या कक्षांचें भाकित एकदमच उतरवून घेतां येतें व मग फोन आपलें गणित आपणच करतो. उलट कच्चीं मापें दूरच्या केंद्राकडे पाठवून स्थान तेथेंच काढवून घेण्याचीहि रीति आहे. पंचांग घरीं आणून पाहणें आणि जोशीबुवांस घरची सर्व हकीकत सांगून मुहूर्त विचारणें, यांत जो फरक तोच येथेंहि आहे. संकटांत सांपडलेल्या माणसानें आपला ठावठिकाणा सांगितलाच पाहिजे. तेथें प्रत्येक सेकंद मोलाचा. १ जानेवारी २०१८ पासून विकल्या जाणाऱ्या फोनांत उपग्रहांवरून स्थान काढण्याची सोय असावी, असें आपल्या केंद्र सरकारनें २०१६ सालीं ठरविलें तें याच हेतूनें. पण उपाहारगृह शोधतांना तीच घाई, त्याच किंमतीनें, आपणांस खरोखर हवी असते काय? भारताच्या ‘नाविक’ मालिकेचे उपग्रह २०१३ पासून वर जाऊं लागले, आणि बहुसंख्य फोन ज्या पट्ट्यांत ऐकतात त्या पट्ट्यांत बोलणारा या मालिकेचा पहिला उपग्रह २०२३ च्या मे महिन्यांत गेला. उपग्रह आपले झाले ही अभिमानाची गोष्ट खरी. तथापि पंचांग कोण पुरवितो व त्याच्या बदल्यांत काय टिपून ठेवतो, हा प्रश्न त्यानें सुटत नाहीं.

सह्याद्रीच्या एखाद्या घळींत, जेथें मनोऱ्याची पोंच नाहीं, तेथें फोन आंधळा झाला असें समजून पुष्कळजण घाबरतात. तसें समजण्याचें कारण नाहीं. तेथें तो आपल्या मूळ स्थितीस आलेला असतो एवढेंच. डोक्यावर मोकळें आकाश येईल अशा जागीं जावें, स्थिर उभें राहावें व थोडा धीर धरावा. अर्ध्या मिनिटांत, फोन फार दिवस बंद असल्यास आणखी कांहीं मिनिटांत, उपग्रह आपलें कोष्टक सांगून संपवितात. फोन तें ऐकतो. त्याला ऐकतांना दुसरें कोणी पाहत नसतें.