सारकॉइडोसिस : रक्तातील प्रतिकारपेशी

सारकॉइडोसिस : फुफ्फुसे, छातीतील लसिकाग्रंथी, त्वचा, डोळे, यकृत, क्वचित हृदय आणि मेंदू यांत प्रतिकारपेशींच्या बारीक गाठी, म्हणजे ग्रॅन्युलोमा, होण्याचा विकार. लंडनच्या जॉनथन हचिन्सन यांनी १८७७ मध्ये त्याचे त्वचेवरचे रूप नोंदवले; नॉर्वेच्या सीझर बोएक यांनी १८९९ मध्ये त्याला आजच्या नावाच्या जवळचे नाव दिले. मूळ कारण अद्याप हाती लागलेले नाही. तो एकाकडून दुसऱ्याला लागत नाही.

या विकारात रक्त फसवे असते. फुफ्फुसात टी-पेशींची झुंबड उडालेली असताना अनेक रुग्णांच्या रक्तात त्यांचीच वाण असते. आषाढात वारकरी पंढरीच्या वाटेला लागल्यावर नर्सी नामदेव या गावात शिरगणती करावी, तसाच हा हिशेब चुकतो. अमेरिकेत हनिंगहेक आणि क्रिस्टल यांनी १९८१ मध्ये फुफ्फुस धुऊन काढलेल्या द्रवातील पेशी रक्ताशी ताडून पाहिल्या. सीडी-४ या मदतनीस पेशींचा अतिरेक फुफ्फुसात होता, रक्तात नव्हता. धुवणातील सीडी-४ चे सीडी-८ या मारक टी-पेशींशी प्रमाण साडेतीनपटींहून जास्त असणे आजही निदानाला पूरक खूण मानतात. रक्तातल्या प्रमाणाला तसे वजन नाही.

रक्तात उरलेल्या पेशी मात्र स्वस्थ नसतात. त्यांतल्या काही टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा स्रवतात. मोनोसाइट रक्तातून ऊतीत उतरून मॅक्रोफेज बनतात, टीएनएफ हे दाहक प्रथिन सोडतात आणि एकमेकांना बिलगून गाठ रचतात. पॅरिसच्या संशोधकांनी २००६ मध्ये आणखी एक कोडे पुढे आणले : लगाम घालणाऱ्या नियंत्रक टी-पेशी रक्तातही वाढतात, गाठीतही वाढतात, त्या इतर पेशींची वाढ दाबतात, पण टीएनएफला पुरता आवर त्यांना घालता येत नाही. शरीराच्या आत एवढी धामधूम असूनही टीबीची मॉन्टू टेस्ट बहुधा निगेटिव्ह का येते, याचा एक उलगडा त्यातून होतो.

भारतात या टेस्टचे महत्त्व वेगळे आहे. जन्मतः बीसीजी टोचलेल्या आणि टीबीच्या जंतूंशी आयुष्यभर गाठ पडणाऱ्या माणसाच्या हातावर गांधी उठलीच नाही, तर डॉक्टरांनी थबकायला हवे. हिंगोलीत काय, परभणी-नांदेडात काय, महिनोन् महिने कोरडा खोकला, थकवा, उतरलेले वजन आणि एक्स-रेमध्ये फुफ्फुसांच्या मुळाशी फुगलेल्या गाठी दिसल्या की पहिला संशय टीबीचा येतो. तो रास्तच आहे. टीबी इथे कितीतरी अधिक आढळतो. घोळ होतो तो थुंकीत जंतू न सापडताही गोळ्या सुरू होतात आणि पुढे गाठीचा तुकडा तपासलाच जात नाही तेव्हा. दोन्ही आजारांचे नाते अगदीच तुटक नाही. चंडीगडच्या पीजीआय संस्थेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एकत्रित विश्लेषणात सुमारे चौथा हिस्सा रुग्णांच्या नमुन्यांत मायकोबॅक्टेरियाचे जनुकीय अंश आढळले होते.

निव्वळ रक्ततपासणीवर निदान होत नाही. एसीई हे विकर अनेकांत वाढते, पण सर्वांत नाही. गाठींतले मॅक्रोफेज ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप बनवतात, त्यामुळे काहींच्या रक्तातले कॅल्शियम चढते. अशा रुग्णाला ‘अशक्तपणावर’ कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या सहज लिहून देणे महागात पडू शकते. सीडी-४ ची संख्या कमी दिसली म्हणून एचआयव्हीचा तर्क परस्पर बांधू नये. त्याची स्वतंत्र चाचणी असते. स्टेरॉइडनेही लिम्फोसाइट घटतात, म्हणून पेशींची मोजणी शक्यतो औषधाआधी झालेली बरी.

हिंगोली जिल्ह्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये मिळाले. तरी दुर्बिणीतून छातीतल्या गाठीचा नमुना घेण्यासाठी रुग्णाला अनेकदा मोठे शहर गाठावे लागते.

अनेकांचा आजार उपचारांविना आपोआप ओसरतो. औषध लागलेच तर प्रेडनिसोलोन हे पहिले. पीजीआयच्याच २०२३ मधील चाचणीत रोज २० मिलिग्रॅमने सुरुवात केलेल्या रुग्णांच्या तुलनेत ४० मिलिग्रॅमवाल्यांना अधिक लाभ झाल्याचे दिसले नाही.