बर्फाखालचा चारा आणि बंद झालेल्या वाटा

आज सुरुवातीलाच एक प्रश्न. उत्तर ध्रुवाजवळचा हिवाळा थोडा उबदार झाला, तर तिथे रेनडिअर पाळणाऱ्यांना बरंच वाटेल ना? मलाही आधी असंच वाटलं होतं. प्रत्यक्षात गोष्ट उलटी आहे.

सामी हे नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडचा उत्तर भाग अन् रशियाचं कोला द्वीपकल्प इथले मूळ रहिवासी. त्यांच्यातली काही कुटुंबं पिढ्यान् पिढ्या रेनडिअर पाळतात. हिवाळ्यात हा प्राणी मुख्यतः लायकेनवर जगतो. लायकेन म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल असतं ना, तसलाच प्रकार. बर्फ भुसभुशीत असला की रेनडिअरला खालच्या लायकेनचा वास येतो आणि तो खुरांनी उकरून ते खातो.

आता भर हिवाळ्यात पाऊस पडला तर? पाणी बर्फात मुरतं, पुन्हा गोठतं आणि काचेसारखा कडक थर तयार होतो. चारा दोन वितींवर, पण तोंडापर्यंत येत नाही. चारा असा पार कोंडला जातो त्या भीषण वर्षाला उत्तर सामी भाषेत 'गोआव्वी' म्हणतात.

शब्द जुना, म्हणजे संकटही जुनंच. मग पूर्वी काय करायचे? उठायचं आणि कळप दुसरीकडे न्यायचा. एका भागात बर्फ गोठला तर दुसऱ्या भागात, नाहीतर जुन्या जंगलात, झाडांना लोंबणाऱ्या लायकेनकडे. मी नोकरीत सर्व्हरचे बॅकअप सांभाळते. माझ्या भाषेत सांगायचं तर मोकळी जागा हाच त्यांचा बॅकअप होता.

आणि तोच हळूहळू काढून घेतला गेला.

१७५१ साली डेन्मार्क-नॉर्वे आणि स्वीडन यांनी सीमा आखली, तेव्हा कराराला एक पुरवणी जोडली होती: सामींना कळपासह सीमा ओलांडता येईल. पण १८५२ मध्ये नॉर्वे आणि तेव्हा रशियाच्या अमलाखालचा फिनलंड यांच्यामधली सीमा कळपांसाठी बंद झाली. नॉर्वेतल्या काउटोकेनोच्या कळपांची फिनलंडमधली हिवाळी कुरणं गेली. याच उलथापालथीत योहान तुरीचं कुटुंब स्वीडनकडे सरकलं. या तुरीनेच पुढे सामी भाषेत आपल्या लोकांच्या जगण्यावर पुस्तक लिहिलं, ते १९१० साली आलं. १८८९ मध्ये स्वीडन-फिनलंड सीमाही बंद. १९१९ मध्ये नॉर्वे-स्वीडन करार झाला, आणि उत्तर स्वीडनमधल्या कित्येक सामी कुटुंबांना सक्तीने दक्षिणेकडे हलवलं गेलं. त्यानंतर धरणं आली, खाणी आल्या, जुनी जंगलं तुटली.

आता यात हवामान बदल मिसळा. २०२२ च्या एका अभ्यासानुसार १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीपेक्षा जवळपास चौपट वेगाने तापलंय. हिवाळी पाऊस आणि बर्फाचे कडक थर वाढतायत, पण हलायला जागा उरली नाही. मग विकतचा चारा घालावा लागतो. खर्च वाढतो, कळप एका जागी दाटतो आणि डोळ्यांचे आजार पसरतात.

सगळ्यात टोचणारा भाग शेवटी. नॉर्वेतल्या फोसेनमध्ये सामींच्या हिवाळी कुरणांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. ११ ऑक्टोबर २०२१ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की हे परवाने सामींच्या सांस्कृतिक हक्काचं उल्लंघन आहेत. पवनचक्क्या मात्र फिरतच राहिल्या. २०२३ मध्ये ऑस्लोत तरुण सामींनी मंत्रालयात ठिय्या दिला, आणि नंतर तडजोडी झाल्या.

मी स्वतः पवनऊर्जेच्या बाजूची आहे. म्हणूनच ही केस डोक्यातून जात नाही. हवामान बदलात ज्यांचा वाटा अगदी नगण्य, त्यांचा चारा आधी बर्फाखाली गेला, आणि उपायासाठी जमीनही त्यांचीच घेतली. गोआव्वी आकाशातून येतो, पण पळायच्या वाटा माणसांनी बंद केल्या.

तुम्हाला काय वाटतं, नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!