जपानमधील युद्धोत्तर सुधारणा (१९४५–५२)

२ सप्टेंबर १९४५ रोजी शरणागतीवर सह्या झाल्या आणि जपानचा कारभार दोस्त राष्ट्रांचे सरसेनापती डग्लस मॅकआर्थर यांच्या हुकमतीखाली गेला. परकीय अंमल २८ एप्रिल १९५२ पर्यंत टिकला. आदेश मुख्यालयातून सुटत. राबवत मात्र जपानी मंत्रालयेच.

राज्यघटना : मसुदा फेब्रुवारी १९४६ मध्ये मुख्यालयातच आठवडाभरात तयार झाला. स्त्रियांच्या हक्कांची कलमे बिआटे सिरोटा या २२ वर्षांच्या, टोकियोत वाढलेल्या तरुणीने लिहिली. त्यासाठी तिने जीपमधून शहरातली ग्रंथालये पालथी घालून देशोदेशींच्या घटना गोळा केल्या. विवाह उभयतांच्या संमतीनेच व्हावा, हे २४वे कलम त्यातूनच आले. युद्धत्यागाच्या ९व्या कलमाची कल्पना मॅकआर्थर यांची की पंतप्रधान शिदेहारा यांची, याबद्दल मतभेद आहेत. घटना ३ मे १९४७ पासून अमलात आली.

जमीनसुधारणा : या काळातले सर्वांत खोलवर रुजलेले काम हेच. युद्धाअखेर जवळपास ४६ टक्के शेतजमीन कुळांकडे होती आणि खंड बहुधा भाताच्या रूपात, पिकाच्या निम्म्याच्या आसपास जाई. जपानी कृषिखात्याने स्वतःच आखलेला पहिला कायदा मुख्यालयाला तोकडा वाटला. ऑक्टोबर १९४६ मध्ये दुसरा आला. त्यामागे वुल्फ लाडेजिन्स्की या अमेरिकी शेतीतज्ज्ञाचा अभ्यास होता. गावाबाहेर राहणाऱ्या मालकांची कुळांकडची सर्व जमीन सरकारने विकत घेतली. गावात राहणाऱ्या मालकाला कुळाकडची साधारण एक हेक्टरच ठेवता आली, होक्काइदोत चार.

खरी कसोटी गावसमित्यांची होती. प्रत्येक समितीत ५ कुळे, ३ जमीनदार आणि २ स्वतः कसणारे मालक निवडून येत. कोणता तुकडा कोणाचा, कोण खरोखर कसतो, हे त्यांनी ठरवायचे. कालपर्यंत ज्याच्या दारी खंड पोचवायचा, त्याच्याच जमिनीबद्दल कूळ आता समोरासमोर मत देत होते. भाव जुन्या दराने बांधलेले, त्यात महागाई भडकलेली; मालकांच्या हाती पडलेल्या रोख्यांना फारशी किंमत उरली नाही. १९५० पर्यंत सुमारे १९ लाख हेक्टर जमिनीची मालकी बदलली आणि कुळांकडची जमीन १० टक्क्यांवर आली. डोंगरातली वने बहुतांशी वगळली गेली, त्यामुळे मोठ्या वनमालकांचे वजन टिकले.

उद्योग : मित्सुई, मित्सुबिशी, सुमितोमो, यासुदा या घराण्यांच्या धारक कंपन्या मोडल्या, पुढे धोरण सैल झाले.

कामगार : संघटनेचा हक्क डिसेंबर १९४५ मध्ये मिळाला, पण १ फेब्रुवारी १९४७ चा सार्वत्रिक संप मॅकआर्थर यांनी रोखला.

शिक्षण : ६-३-३-४ वर्षांची रचना, १९४७ पासून.

ओकिनावा : १९७२ पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात. मुख्य भूमीवरचे जमीनकायदे इथे लागू झाले नाहीत. उलट लष्करी तळांसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या.