स्वस्त मरण आणि विनोद

विनोदी खेळ रंगवायचा तर नियमावली कोणती घ्यावी, हा प्रश्न रोल-प्लेइंग गेम खेळणाऱ्या मंडळींत वारंवार निघतो. टेबलाभोवती बसून, फासे टाकत, संवादांतून कथा रचण्याचा हा प्रकार १९७४ साली अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ने रूढ केला. त्यात महिनोन्‌महिने जोपासलेले पात्र फाशाच्या एका दानाने मरू शकते. साहजिकच खेळाडू सावध होतो, आणि सावध माणूस क्वचितच विनोदी असतो (नकळत असतो, ते वेगळे).

ही अडचण नियमांतूनच सोडवणारे दोन खेळ १९८४ या एकाच वर्षी आले. दोन्हींमागे ग्रेग कॉस्टिक्यान होते. 'टून'मधली कार्टूनपात्रे मरतच नाहीत. ती 'पडतात', आणि खेळाडू तीन मिनिटे बाजूला बसून परततो. डॅन गेल्बर व एरिक गोल्डबर्ग यांच्यासह रचलेल्या 'पॅरानोया'त मरण आहे, पण स्वस्त. प्रत्येक खेळाडूला एकाच पात्राच्या सहा प्रती मिळतात. संगणकाच्या हुकमतीखालील नगरीत द्रोही हुडकणे हे पात्रांचे कर्तव्य. मात्र प्रत्येक पात्र गुप्त संघटनेचे सभासद असते, म्हणजे स्वतःच द्रोही. खेळाचे नियम ठाऊक असल्याचे दाखवणे हाही द्रोहच!

'टून' हे निखळ प्रहसन, एका बैठकीपुरते. 'पॅरानोया' मला अधिक मोलाचा वाटतो. त्यातल्या उपहासाला शीतयुद्धकालीन संशयाची पार्श्वभूमी आहे, आणि तिथले हसू भीतीला सोडून जात नाही. तीन मिनिटांनी परतणाऱ्याला कसली धास्ती? पाचवी प्रत गमावलेला खेळाडू मात्र हसता हसताच शेजाऱ्याकडे रोखून पाहू लागतो.